भारी हेडफोन डोक्यावर नीट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगले, महागातले हेडफोन घेतलेली माणसं मला दोनच तऱ्हेचे प्रश्न पाठवतात. एक, "दुखतंय, काय करू?" आणि दुसरा, "वाटलं होतं तसा वाजत नाही, काय करू?" बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच निघतं. कप कानावर कसा बसलाय यावर आराम जेवढा अवलंबून असतो, तेवढाच आवाजही. म्हणून इथे आधी बसवणं, मग गाद्या, मग इक्यू (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करणं) आणि अँप (हेडफोनला ताकद पुरवणारं यंत्र) असा क्रम ठेवलाय. नवीन अँप किंवा केबल घ्यायच्या विचारात असलात तरी कृपया प्रश्न १ पासून सुरुवात करा.

शब्दांपुरतं एवढंच: "गादी" म्हणजे इअरपॅड, आणि "पकड" म्हणजे दोन्ही कप डोक्याला ज्या जोराने दाबतात तो जोर.

१. हेडफोन बसवायची नेमकी पद्धत काय? कानावर ठेवले की झालं ना?

नाही, दोन मिनिटं द्या. दोन्हीकडच्या पट्ट्या पूर्ण आत ढकला, म्हणजे हेडबँड सर्वांत लहान होईल. हेडफोन डोक्यावर ठेवा आणि कान गादीच्या पोकळीत मधोमध येईपर्यंत दोन्ही कप एकेक खटका खाली ओढा. मग गादीच्या कडेवरून बोट गोल फिरवा: कानाच्या वर, मागे, पाळीखाली, गालाच्या बाजूला. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. हेडबँड लहान पडला तर भार टाळूवर येतो आणि पाळी गादीच्या खालच्या कडेला घासते. मोठा झाला तर कप लोंबतात, कानाचा वरचा भाग चेपतो आणि जबड्याजवळ फट पडते.

खटके मोजून लक्षात ठेवा. डावीकडे पाच आणि उजवीकडे सहा आले तरी काही बिघडत नाही. दोन्ही कान अगदी एका उंचीवर असतीलच असं नाही.

आता ओळखीचं, एकट्या गळ्याचं गाणं लावा आणि दोन्ही कप हाताने वर-खाली, पुढे-मागे दोन-तीन मिलिमीटर सरकवत ऐका. एका जागी गाणाऱ्याचा आवाज बरोबर मधोमध येऊन भरीव होतो. ती तुमची जागा. ऑडेझे किंवा हायफायमॅनचे मोठे प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचे हेडफोन), सेनहायझर एचडी ८०० यांच्या कपात कानाला हलायला भरपूर जागा असते, त्यामुळे त्यांच्यावर हा फरक पहिल्याच प्रयत्नात ऐकू येतो.

२. गादी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे. जाड बाजू पुढे की मागे?

मागे. कानामागे कवटी आत वळते, ती खोली जाड बाजू भरून काढते आणि ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) कानासमोर किंचित तिरपा येतो. गाद्या बदलताना डावी-उजवी उलट बसली की जाड बाजू पुढे येते, आणि मग मागे फट राहते. बऱ्याच हेडफोनांवर डाव्या बाजूला बोटाला लागणारे उंच ठिपके असतात, अंधारातही बाजू कळते.

३. पकड इतकी घट्ट आहे की अर्ध्या तासात कानशिलं ठणकतात. सैल करता येईल का?

येईल, पण घाई करू नका. सेनहायझर एचडी ६०० आणि त्याची भावंडं, तसंच बायरडायनॅमिकची डीटी मालिका नवीन असताना घट्ट असते याचा अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो. आठ-दहा दिवसांत गादीतला फोम तुमच्या डोक्याच्या आकाराला सरावतो आणि निम्मी तक्रार आपोआप जाते.

तरीही दुखलं तर रात्रभर ताणून ठेवायचा उपाय करा. तुमच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा दोन-एक सेंटिमीटर रुंद अशी पुस्तकांची चळत किंवा टणक खोका घ्या, हेडफोन त्यावर चढवून ठेवा आणि सकाळी घालून पाहा. कमी वाटलं तर पुढच्या रात्री आणखी एक पातळ पुस्तक. गादी आणि पुस्तक यांच्या मध्ये सुती कापड जरूर ठेवा. चामडी गादी गुळगुळीत पुठ्ठ्यावर हवाबंद चिकटते आणि सकाळी ओढून काढताना आतल्या पडद्यावर हवेचा झटका बसतो. प्लेनरच्या पातळ पडद्याला तो सोसेलच असं नाही.

हेडबँडमध्ये स्टीलची पट्टी असेल तर ती हातानेही वाकवता येते. एचडी ६०० मध्ये कप खाली ओढले की ही पट्टी उघडी दिसते. दोन्ही अंगठे पट्टीच्या मधल्या भागाला टेकवा, थोडं थोडं उघडा, प्रत्येक वेळी डोक्यावर घालून पाहा. प्लास्टिकचा सांधा, कप धरणारा काटा किंवा बिजागरी यांना मात्र जोर लावू नका. पट्टी वाकते, प्लास्टिक तुटतं.

यात एक धोका आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. एका संध्याकाळी मी एका जोडीची पट्टी जरा जास्तच उघडली. दुखणं थांबलं, पण मान खाली घातली की कप घसरायला लागले आणि बास निघून गेला. पट्टी परत मिटवत मिटवत मूळ आवाज मिळायला तीन दिवस गेले. पकड सैल झाली की गादीचं सील, म्हणजे कानाभोवती हवाबंद बसणं, सुटतं. त्याचं काय होतं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

४. कानशिलं ठीक आहेत, पण टाळूवर एकाच ठिकाणी दुखतं. हेडफोन जड आहे म्हणून?

वजन हे अर्धंच कारण. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा, एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमचा, फोकल युटोपिया ४९० ग्रॅमचा आणि ऑडेझेच्या एलसीडी मालिकेतले काही तर ५०० ग्रॅमच्याही वर. पण दुखतं ते वजन किती जागेवर पसरलंय यावर. पातळ, कडक गादीचा हेडबँड हलका असूनही टोचतो. एकेजी के ७०१ च्या चामडी पट्टीला आतून उंचवटे होते आणि वजन कमी असूनही पुष्कळ लोकांची त्याबद्दल तक्रार असे. उलट, कमानीखाली लोंबणारी रुंद पट्टी असलेले जड हेडफोन तासन् तास चालतात, कारण पट्टी डोक्याच्या गोलाईला धरून वजन वाटून घेते.

उपाय क्रमाने: आधी हेडबँड एक खटका मोठा करा. मग तो डोक्यावर सेंटिमीटरभर पुढे किंवा मागे सरकवा आणि दर अर्ध्या तासाने जागा बदला. तेवढ्याने भागलं नाही तर हेडबँडवर गुंडाळायचं मऊ आवरण किंवा लोंबती पट्टी बसवा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कप कानशिलांना धरून ठेवतात तेव्हा वजनाचा काही भाग त्या घर्षणावर पेलला जातो. म्हणजे पकड फार सैल केली (प्रश्न ३) तर सगळं ओझं टाळूवर येतं. दोन्ही ठिकाणी थोडा थोडा दाब असणं हेच बरोबर. जड हेडफोन घालून मान खाली घालून फोनकडे बघत बसलात तर मानेला रग लागते, ती हेडफोनच्या कुठल्याच खटक्याने जाणार नाही.

५. मला चष्मा आहे. काड्या कानशिलात रुततात आणि बासही कमी वाटतो. हा भास आहे का?

भास नाही. काडी गादीला उचलून धरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. बंद हेडफोनमध्ये (कपाची पाठ बंद असलेल्या) त्या फटीतून खालचा बास निसटतो. खात्री करायची असेल तर बासचं गाणं लावून चष्मा काढा आणि परत घाला.

पातळ, सपाट काड्यांचा चष्मा आणि मऊ, खोल गादी ही जोडी सर्वांत चांगली. काडी कानामागे रुतते तिथून दोन-तीन मिलिमीटर वर उचलून गादीच्या वरच्या कडेजवळ ठेवली तरी बराच आराम पडतो. कापडी गादी काडीभोवती चामड्यापेक्षा लवकर जुळवून घेते. काडीसाठी खाच ठेवलेल्या गाद्याही मिळतात. मोकळे केस, कानातले आणि टोपी यांनाही हेच लागू.

६. कानाचं टोक आत ड्रायव्हरच्या जाळीला टेकतं. किंवा कपाची खालची कड जबड्याच्या सांध्यावर दाबते.

कान टेकत असेल तर गादी उथळ आहे किंवा झिजून बसली आहे. खोल गादी हा सरळ उपाय, पण आवाज बदलेल (प्रश्न ७). काही हेडफोनमध्ये गादी आणि कप यांच्या मध्ये फोमची पातळ कडी सरकवून दोन-तीन मिलिमीटर मिळवता येतात.

जबडा दुखत असेल तर कप एक खटका वर घ्या. चघळताना, बोलताना त्रास होत असेल तर दाबाची जागाच चुकली आहे. पकड सैल करत बसण्याआधी जागा बदला.

ग्राडोसारखे कानावर टेकणारे हेडफोन वेगळे. तिथे फोम कानालाच टेकणार. फक्त दाब पाळीवर न येता कानाच्या पूर्ण बाह्य भागावर पसरेल असं पाहा.

७. दुसऱ्या कंपनीच्या जास्त मऊ गाद्या लावल्या तर चालेल? आवाजात फरक पडतो का?

पडतो, आणि अनेकदा केबल, डॅक (डिजिटल संगीताचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र), अँप या सगळ्यांनी मिळून पडेल त्यापेक्षा जास्त. गादी हे ड्रायव्हर आणि कान यांच्यामधल्या छोट्या खोलीचं भिंतीसकट बांधकाम आहे. गादी जास्त खोल झाली की ड्रायव्हर कानापासून दूर जातो. तिचं कापड हवा जाऊ देतं की अडवतं यावर बास ठरतो. आतली भिंत शोषक आहे की गुळगुळीत, यावर वरचे सूर ठरतात. आतलं भोक लहान-मोठं झालं तरी मधल्या पट्ट्यात उंचसखलपणा येतो.

ढोबळमानाने चामडी गादी सील चांगलं करते, त्यामुळे बास खोल आणि घट्ट, पण कान तापतात. मखमली गादी हवेशीर आणि चष्म्याला सोयीची. बंद हेडफोनवर लावली की बास उतरतो. भोकं पाडलेलं चामडं या दोन्हींच्या मध्ये. हे ठोकताळे आहेत. एकाच गादीने एक हेडफोन सुधारतो आणि दुसरा बिघडतो हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय.

म्हणून माझा आग्रह असा: आवाज आवडत असेल आणि फक्त गादी जुनी झाली असेल तर मूळ कंपनीचीच गादी घ्या. दुसरी लावायचीच असेल तर जुनी जपून ठेवा आणि नवीन गादीसाठी इक्यू नव्याने बसवा, कारण आधीचा लागू राहत नाही.

काढताना: एचडी ६०० ची गादी खटक्याने बसते, बायरची कपाच्या खोबणीत ओठासारखी कड सरकवून बसवतात, ऑडेझे एलसीडीची मात्र चिकटपट्टीने चिकटवलेली असते आणि एकदा काढली की नवीन चिकटपट्टी लागते. खोबणीची गादी चढवताना खालून सुरुवात करा, एका अंगठ्याने बसलेली कड धरून ठेवा आणि दुसऱ्याने गोल पुढे सरका. शेवटचे चार सेंटिमीटर ताणावे लागतात, तिथे नख लावू नका.

८. गाद्या कधी बदलायच्या? धुता येतात का?

चामड्यासारख्या कृत्रिम कापडाची पापुद्रे निघायला लागली, किंवा दाबलेला फोम परत वर येईना, की बदलायच्या. दोन्ही बाजू एकदमच बदला. एक जुनी आणि एक नवीन ठेवली तर दोन कानांना दोन वेगळे हेडफोन ऐकू येतात.

मखमली गादी काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. चामडी गादी ओलसर कापडाने पुसायची, भिजवायची नाही. स्पिरिट लावू नका, कापड कडक होऊन तडकतं. ऐकून झाल्यावर घाम पुसून पाचेक मिनिटं मोकळे ठेवा आणि मगच डब्यात घाला.

९. एवढे चांगले हेडफोन, पण बासच नाही. अँप कमी पडतोय का?

मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर अँप असं क्वचितच निघतं. आधी सील तपासा. बास चालू असताना दोन्ही कप तळहाताने अगदी हलके, एक-दोन मिलिमीटर आत दाबा. बास एकदम भरून आला तर फट आहे. मग बोटाने एकेक जागा दाबून फट कुठली ते शोधा. ती बहुधा पाळीखाली, जबड्याच्या मागच्या खळग्यात, नाहीतर चष्म्याच्या काडीपाशी सापडते.

बंद हेडफोनमध्ये आणि प्लेनरमध्ये सील पक्कं असलं तर बास अगदी तळापर्यंत सपाट जातो, आणि बारीक फट पडली तरी तळ नाहीसा होतो. उघड्या पाठीच्या डायनॅमिक हेडफोनचं (तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणारे, नेहमीच्या प्रकारचे) वेगळं आहे. एचडी ६०० सारख्यांचा खालचा बास मुळातच उताराला लागलेला असतो. तिथे फट बुजवून फार काही मिळत नाही. तिथे इक्यूच (प्रश्न ११).

कप दाबून पाहण्याची ही चाचणी हलक्या हाताने करा. प्लेनर हेडफोन कानावर जोराने दाबले किंवा आपटून ठेवले तर हवेच्या दाबाने पडद्याला सुरकुती पडू शकते.

१०. स, श, च हे वर्ण कानात टोचतात. झांज ऐकवत नाही.

आधी दोन फुकटचे उपाय. कप किंचित पुढे सरकवा, म्हणजे कान गादीच्या पोकळीत मागच्या बाजूला जाईल आणि ड्रायव्हरचा मध्य कानाच्या भोकासमोरून हटेल. मग उलट दिशेनेही करून पाहा. दुसरा उपाय, आवाज कमी करा. मोठ्या आवाजात वरचे सूर आधी बोचतात.

तरीही बोचत असेल तर तो हेडफोनचा स्वभाव असू शकतो. २००९ मध्ये आलेल्या एचडी ८०० ला ६ किलोहर्ट्झजवळ एक शिखर होतं, त्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं. नंतर आलेल्या एचडी ८०० एस मध्ये ते शिखर शोषून घेणारी रचना बसवली. जुन्या जोडीवर तेच काम इक्यूने नीट होतं. ड्रायव्हरवर फोम किंवा कागद लावायच्या युक्त्या प्रश्न १८ मध्ये आहेत.

११. इक्यू लावला की आवाजाचा दर्जा उतरतो असं ऐकलंय. लावावा का?

लावावा. सॉफ्टवेअरमधल्या चांगल्या इक्यूने दर्जा उतरत नाही. उतरतो तो पातळी न सांभाळल्याने. बास ५ डेसिबल वाढवला तर एकूण पातळी, म्हणजे प्रीअँप, ५ डेसिबल खाली आणा. नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो आणि लोक इक्यूला दोष देतात.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट अशी साधनं आहेत. पॅरामेट्रिक इक्यू असेल तर तीन आकडे भरायचे असतात: कुठला सूर, किती डेसिबल, आणि क्यू म्हणजे किती अरुंद. मी असा क्रम ठेवतो. पहिल्यांदा बास: १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकत्र उचलणारा), क्यू ०.७, चवीप्रमाणे ३ ते ६ डेसिबल. मग दोन दिवस काहीही न बदलता ऐकायचं. मग वरचे सूर. त्यासाठी एकच सूर हळूहळू वर नेणारी चाचणी हलक्या आवाजात लावा, ४ ते १० किलोहर्ट्झमध्ये. जिथे अचानक सुई टोचल्यासारखी वाटते तो आकडा टिपून घ्या आणि तिथे क्यू ३-४ ठेवून ३ डेसिबल कमी करा. हा आकडा तुमचा आणि माझा सारखा येणार नाही. कानाच्या पाळीचा आकार, नळीची लांबी आणि कपातली कानाची जागा यांनी तो ठरतो. म्हणून हे काम प्रश्न १ पूर्ण केल्यावरच करायचं. जागा पक्की नसताना शोधलेला आकडा दुसऱ्या दिवशी खोटा ठरतो.

कमी करणं हे वाढवण्यापेक्षा जवळपास नेहमीच चांगलं ऐकू येतं. मोजणीच्या आलेखात वरच्या सुरांमध्ये दिसणारी अरुंद दरी भरायच्या फंदात पडू नका.

१२. मग माझ्या मॉडेलचा तयार प्रीसेट (इक्यूचे आधीच भरलेले आकडे) उतरवून घेतला तर?

सुरुवात म्हणून चांगला. हे प्रीसेट बहुतेक वेळा हरमन लक्ष्यरेषेवर, म्हणजे हेडफोनचा आवाज कसा असावा याच्या आलेखावर, बेतलेले असतात. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन ती बसवली, आणि कानावरच्या हेडफोनसाठी तिची २०१८ ची आवृत्ती सर्वांत जास्त वापरात आहे. पण प्रीसेटमागची मोजणी एका जोडीवर, नव्या गाद्यांवर आणि कृत्रिम कानावर झालेली असते. ८ किलोहर्ट्झच्या वरचे बदल खोडून टाका, बास चवीप्रमाणे कमी-जास्त करा आणि गाद्या वेगळ्या असतील तर प्रीसेट सोडून द्या.

१३. अँप लागेल की नाही हे कसं ठरवायचं? ३०० ओहम म्हणजे अँप हवाच ना?

नुसत्या ओहमवरून, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून, काही कळत नाही. दोन उदाहरणं घेऊ. एचडी ६०० हा ३०० ओहमचा, आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो. संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलची तजवीज ठेवायची म्हटली तर साधारण ४.५ व्होल्ट लागतात, म्हणजे ६७ मिलिवॅट आणि फक्त १५ मिलिअँपिअर. हायफायमॅन सुस्वारा ६० ओहमचा, पण १ मिलिवॅटला ८३ डेसिबल. त्याच ११० साठी ५.५ व्होल्ट, ५०० मिलिवॅट आणि ९० मिलिअँपिअर. ओहम पाचपट कमी, तरी करंट सहापट. म्हणून ओहम आणि संवेदनशीलता (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज मिळतो) दोन्ही बघा, आणि संवेदनशीलता व्होल्टला दिली आहे की मिलिवॅटला तेही बघा.

व्यवहारातली खूण सोपी आहे. नेहमीच्या आवाजावर ऐकताना व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशाच्या आत राहत असेल आणि मोठ्या जागी आवाज फाटत नसेल तर नवीन अँप तुमची तक्रार सोडवणार नाही.

१४. ट्यूब अँपवर माझे हेडफोन जास्त उबदार वाजतात. आणि बॅलन्स्ड केबल?

ट्यूब अँपचं (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँपचं) कारण बहुधा त्याच्या आउटपुट इम्पीडन्समध्ये, म्हणजे ओहममध्ये मोजतात त्या अडथळ्यात, असतं. एचडी ६०० चा इम्पीडन्स बासच्या पट्ट्यात ३०० वरून ५०० ओहमच्या वर चढतो. अँपचा आउटपुट १०० ओहमचा असेल तर त्या पट्ट्यात इतर सुरांपेक्षा साधारण १ डेसिबल जास्त पोचतं. कानाला ते उबदार वाटतं. प्लेनरचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांच्यावर असा फरक होत नाही.

बॅलन्स्ड जोडणीने (डाव्या-उजव्या बाजूला तारांची स्वतंत्र जोडी) अनेक अँपमधून जास्त व्होल्टेज मिळतं, त्यामुळे आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज चांगला वाटतो. पातळी सारखी करून ऐका. केबल मऊ, हलकी आणि कपड्यावर घासल्यावर कपात खरखर न पोचवणारी असावी, एवढीच माझी तिच्याकडून अपेक्षा.

१५. एका कानाला आवाज कमी येतो. हेडफोन बिघडला का?

उलटे घालून पाहा, डावा कप उजव्या कानावर. कमी आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाला गेला तर दोष हेडफोन, केबल किंवा अँपमध्ये; पुढचं पाऊल म्हणजे केबलची डावी-उजवी टोकं अदलाबदल करणं, सुटी होत असतील तर. कमी आवाज त्याच कानाला राहिला तर कारण बसवण्यात किंवा कानात आहे. तिरप्या गाद्यांवर (प्रश्न २) उलटे घातल्यावर सील थोडं बिघडतं, ते हिशेबात धरा. फक्त अगदी कमी आवाजावरच फरक येत असेल तर अँपच्या व्हॉल्यूमच्या बटणाचा दोष समजा. कान बंद झाल्यासारखा वाटत असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर हेडफोन बाजूला ठेवून लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा.

१६. बासला एका कपातून घरघर येते. आणि घालताना कधी कधी चुरचुर वाजतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. घालताना किंवा जबडा हलवताना चुरचुर, टकटक वाजून थांबत असेल तर तो हवेच्या दाबाने पडदा हलल्याचा आवाज. चांगलं सील असलेल्या प्लेनरमध्ये आणि काही डायनॅमिकमध्ये तो येतोच.

बासबरोबर येणारी घरघर बहुतेक वेळा केसाची असते. तुमचाच एखादा केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकलेला असतो. ३० ते १०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवा; एका ठरावीक सुरावर कागद फडफडल्यासारखा आवाज येईल. गादी काढा, आतली फोमची चकती अलगद उचला, कप उजेडात तिरपा धरा. माझ्याकडे आलेल्या एका जोडीत जेमतेम दीड सेंटिमीटरचा पांढरा केस होता, सरळ बघताना दिसत नव्हता, तिरप्या उजेडात रेघ चमकली. चिमट्याने टोक धरून जाळीच्या बाहेरूनच ओढून काढला आणि घरघर थांबली. फुंकर मारू नका, दाबाच्या हवेचा डबा तर अजिबात नको. केस सापडला नाही तर दुरुस्तीला द्या.

१७. शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलतो म्हणतात. खरं का?

गादी दबते, पकड सैलावते, कान सरावतो. या तिन्हींनी आवाज बदलल्यासारखा वाटतो आणि पहिल्या दोन्हींनी तो खरंच बदलतो. रात्रभर कपाटात एकटं वाजत ठेवून यातलं काहीच होत नाही. डोक्यावर घालून ऐका.

१८. ड्रायव्हरवर टिश्यूचा कागद, भोकांवर टेप अशा युक्त्या कराव्यात का?

परत काढता येतील अशा असतील तर जरूर. जाळी आणि कान यांच्यामध्ये टिश्यूचा एक थर ठेवला की वरचे सूर थोडे मऊ होतात. आवडलं नाही तर उचलून टाका. कपाच्या मागच्या भोकांवर टेप लावली की बास बदलतो. फॉस्टेक्स टी५०आरपीवर लोकांनी अशा इतक्या खटपटी केल्या की आजची डॅन क्लार्क ऑडिओ ही कंपनी, जिचं नाव आधी मिस्टरस्पीकर्स होतं, त्याच हेडफोनमध्ये फेरफार करता करता उभी राहिली.

दोन्ही कपांत तंतोतंत सारखं करा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, आणि हमीची मुदत चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका.

१९. सगळं डोक्याच्या आत वाजतं. स्पीकरसारखं समोर वाटत नाही.

स्पीकरमधून डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही, किंचित उशिरा आणि थोडा मंद होऊन पोचतो. हेडफोनमध्ये तो पोचतच नाही. १९६० च्या दशकातल्या, वाद्यं पूर्ण एका बाजूला टाकलेल्या ध्वनिमुद्रणांत हे फार खटकतं. त्यावर क्रॉसफीड, म्हणजे प्रत्येक बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानालाही पोचवणं, हा उपाय आहे, आणि त्याची मूळ कल्पना बेंजामिन बाऊर यांनी १९६१ मध्ये मांडली होती. आज बऱ्याच प्लेअरमध्ये तो एका बटणावर मिळतो. सर्वांत कमी पातळीवर लावा. आवाज समोर जाईल असं नाही, पण कानात बोट घातल्यासारखी अस्वस्थता जाते.

२०. माझे हेडफोन इलेक्ट्रोस्टॅटिक (मोठ्या व्होल्टेजने भारलेल्या पडद्याचे) आहेत. वरचं सगळं लागू होतं का?

बसवणं आणि सील, हो, उलट जास्तच. पण स्टॅक्स कंपनीचे आजचे हेडफोन ५८० व्होल्टच्या बायसवर (पडद्याला सतत दिलेल्या व्होल्टेजवर) चालतात. त्यांना स्वतःचाच अँप लागतो, आणि प्लग काढण्या-घालण्याआधी तो बंद करायचा. कप उघडून केस शोधणं (प्रश्न १६) इथे घरी करायचं काम नाही. घालताना फुर्र असा आवाज येतो तो सील पक्कं असल्याचा. वापरात नसताना धूळ लागू नये म्हणून झाकून ठेवा.

२१. किती मोठ्याने ऐकणं सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० च्या आसपास फक्त ४. चांगल्या हेडफोनमध्ये आवाज फाटत नाही, म्हणून तो किती वाढलाय हे कळत नाही. प्रश्न १० मधल्या टोचण्याकडे त्या दृष्टीनेही बघा. ऐकून उठल्यावर कानात गुंई आवाज येत असेल तर त्या दिवसाचं ऐकणं थांबवा.

२२. हे सगळं करून महिना झाला, तरी जमत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. डोक्याची रुंदी, कान किती बाहेर आलाय, जबड्यामागचा खळगा किती खोल आहे, हे प्रत्येकाचं वेगळं, आणि एखादा उत्तम हेडफोन तुमच्या डोक्यासाठी नसू शकतो. पुढचा निवडण्याआधी पट्टी घेऊन दोन मोजमापं घ्या: कानाची वरपासून पाळीपर्यंत उंची, आणि कान डोक्यापासून किती बाहेर येतो ते. गादीच्या आतल्या भोकाची उंची आणि खोली या दोन्हींपेक्षा काही मिलिमीटर जास्त हवी. ऐकून बघायला जाताना रोजचा चष्मा लावून जा, केस रोजच्यासारखेच ठेवा, आणि पाच मिनिटांत उठू नका. हेडफोन चाळीस मिनिटं डोक्यावरून न काढता बसा. टाळू आणि कानशिलं बोलायला लागतात ती साधारण तिसाव्या मिनिटानंतर.